इचलकरंजीतलं इचल गेलं

मामाला डोळ्यात काहीतरी बिघडलंय हे कळलं ते सांगलीच्या स्टँडवर. डाव्या डोळ्यात धूळ गेली म्हणून तो डोळा दाबून उभा होता, तेवढ्यात गाडी लागली आणि एकट्या उजव्या डोळ्याने पाटी वाचली तर नुसतं "करंजी". हे कुठलं नवीन गाव म्हणून हात काढला तर इचलकरंजी. पुन्हा डावा झाकला, पुन्हा करंजी. घरी येऊन त्याने हा किस्सा म्हणून सांगितला आणि आम्ही सगळे खो खो हसलो, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

दुखत नव्हतं, लाल नव्हतं, पाणी येत नव्हतं. मग काय, चष्म्याचा नंबर बदलून झाला, मग एकांनी मोतीबिंदूची सुरुवात आहे, पिकू दे म्हणून सांगितलं, ह्यात तीन महिने गेले. थेंब टाकून बाहुली मोठी करून आतला पडदा कोणी बघितलाच नव्हता! शेवटी एका रेटिनावाल्या मॅडमनी बघितला आणि बराच वेळ गप्प राहिल्या. मग मिटलेल्या पापणीवर जेल लावून सोनोग्राफी (डोळ्याची पण असते, मला तेव्हाच कळलं), स्क्रीनवर गोल डोळा आणि त्याच्या मागच्या भिंतीला चिकटून एक घुमट, उंची ५ मिलिमीटर.

नाव यूव्हियल मेलानोमा, डोळ्याच्या आतला कॅन्सर. पडद्याच्या मागे रक्तवाहिन्यांचा एक काळपट थर असतो, कोरॉइड, त्यातल्या रंग बनवणाऱ्या पेशी बिघडतात. गोऱ्या लोकांच्या देशांत वर्षाला १० लाखांत ५-६ जणांना होतो, आपल्याकडे त्याहून कितीतरी कमी. त्वचेच्या मेलानोमाचा चुलतभाऊच म्हणा, पण जीन्समधले बिघाड वेगळे, त्यामुळे तिकडची औषधं इथे फारशी लागू पडत नाहीत. आणि तुकडा काढून तपासायला पाठवला नाही म्हणून मी मॅडमशी जवळजवळ वादच घातला, तर ह्यात बहुतेक वेळा सुई घालावीच लागत नाही, अनुभवी नजर आणि सोनोग्राफीवर निदान पक्कं होतं.

मला वाटलं आता डोळाच काढणार. पण मधल्या आकाराच्या गाठीत डोळा काढला काय आणि प्लाक लावला काय, जगण्याच्या शक्यतेत फरक पडत नाही हे अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात, कॉम्स नाव त्याचं, दिसून आलंय. प्लाक म्हणजे वाटीसारखी वाकवलेली चांदीची चकती, नखाएवढीच, आत रुथेनियम-१०६ हा किरणोत्सारी धातू. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर बाहेरून, बरोबर गाठीच्या मागे टाक्यांनी बसवतात, काही दिवस ठेवतात, मग काढतात. ह्याचे बीटा किरण फार आत जात नाहीत, म्हणून ५ मिलिमीटरची गाठ बसते, खूप उंच असेल तर नाही. आधी ह्या चकत्या जर्मनीतून यायच्या, आता आपल्या तुर्भ्याचं बीएआरसी बनवतं, आणि कशातून, तर वापरलेल्या अणुइंधनावर प्रक्रिया केल्यावर जो जहाल कचरा उरतो त्यातून रुथेनियम वेगळं काढून! मी हे मामाला सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे कचरा घालतायत व्हय माझ्या डोळ्यात?" आणि त्यातल्या त्यात खूश, चांदी आहे म्हणून.

चार दिवस वेगळ्या खोलीत. नातीला आत सोडायचं नाही. मामी दारातून लांबूनच डबा सरकवायची आणि तिथूनच भांडायची.

आता दीड वर्ष झालं. गाठ बसत चाललीय. हा कॅन्सर पसरला तर रक्तातून पसरतो आणि बहुतेक वेळा लिव्हरमध्येच जातो, कधीकधी बऱ्याच वर्षांनी, त्यामुळे दर सहा महिन्यांनी लिव्हरचा स्कॅन, त्या आठवड्यात मामी कुणाशी धड बोलत नाही. किरणांनी पडद्याच्या रक्तवाहिन्या पण खराब होतात, नजर हळूहळू कमी होणार हे आधीच सांगितलेलं. परवा त्याला सोडायला स्टँडवर गेले होते, गाडी लागली तसा त्याने सवयीने डावा डोळा झाकला.

"काय दिसतंय?"

"करंजी बी गेली आता," म्हणाला, आणि हात काढून खिडकीची सीट पकडायला पळाला.