हिऱ्यात लेझर किती मुरतो, हे नागपूरच्या उन्हाळ्यात मोजताना

हिऱ्याची खिडकी, म्हणजे लेझरचा प्रकाश जिच्यातून पार जातो ती चकती, म्हटलं की घरच्यांच्या डोळ्यांपुढे झगमगाट येतो. माझ्या हातात होती ती १० मिलीमीटर व्यासाची, १ मिलीमीटर जाडीची साधी गोल चकती. मिथेन आणि हायड्रोजनच्या प्लाझ्मातून थरावर थर वाढवून तयार केलेला हिरा तो. कार्बन डायऑक्साइड लेझरचा, म्हणजे १०.६ मायक्रॉनचा प्रकाश त्यात किती शोषला जातो, हे मला काढायचं होतं.

पॉवर मीटरवर वजाबाकी करून हे काम होत नाही. हिऱ्याचा अपवर्तनांक २.३८ आहे, त्यामुळे कोटिंग नसेल तर सुमारे २९ टक्के प्रकाश परत फिरतो आणि ७१ टक्के पार जातो. शोषण असतं एक टक्क्याच्या आतबाहेर, आणि मीटरची चूकच दोन-तीन टक्क्यांची. म्हणून चकती किती तापते तेच बघायचं. याला लेझर कॅलरीमेट्री म्हणतात. आयएसओ ११५५१ या मानकात तिची रीत दिलेली आहे.

चकती नायलॉनच्या बारीक धाग्यांवर टांगली, कडेला केसासारख्या तारांचं थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तारांची जोडी, लावलं आणि भोवती सीताबर्डीच्या बाजारातून आणलेल्या थर्माकोलचा डबा केला, बीमसाठी भोक ठेवून. बीम डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे पॉवर अगदी कमी ठेवून एटीएमच्या पावतीवर (तो कागद उष्णतेने काळा पडतो) काळा ठिपका पाडायचा आणि डब्याचं भोक नीट समोर आहे का ते बघायचं. परत फिरणाऱ्या २९ टक्क्यांचीही सोय लागते, नाहीतर तो बीम थेट लेझरमध्ये शिरतो. चकती जराशी तिरपी करून तो भट्टीच्या विटेवर पाडला.

खरा छळ खोलीच्या तापमानाने केला. मे महिना, बाहेर पंचेचाळीस. एसीचा कॉम्प्रेसर चालू-बंद झाला की आलेखात लाट उठायची, आणि मला हवी ती वाढ त्या लाटेएवढीच! शेवटी रात्री, एसी बंद करून मोजायला बसले. लॅबचे काका डोकावले, "मॅडम, अशा उकाड्यात बसून राहिल्या का तुमी? पंखा तरी लावा ना!" पंखा लावला की चकती निवण्याचा वेग बदलतो, हे त्यांना सांगितलं. ते मान हलवून गेले आणि माठातलं पाणी घेऊन परत आले.

मोजायची युक्ती मला फार आवडते. लेझर चालू असताना तापमान चढतं, बंद केल्यावर उतरतं. दोन्ही वक्रांवर एकच तापमान धरायचं. त्या तापमानाला बाहेर जाणारी उष्णता दोन्हीकडे सारखीच, म्हणून चढाचा आणि उताराचा वेग मिळवला की ती आपोआप कटते. ही बेरीज गुणिले चकतीची उष्णताधारकता, एका अंशाला सुमारे ०.१४ ज्यूल, म्हणजे शोषलेली पॉवर. लेझर सुरू होताच थर्मोकपल टुणकन उडी मारतं, ती विखुरलेल्या प्रकाशाची. ते पहिले क्षण सोडून द्यायचे.

हिऱ्याचा मोठेपणा इथेच कळतो. उष्णता तो तांब्याच्या पाचपट वाहून नेतो. मधोमध पडलेली ऊब काही शतांश सेकंदांत कडेला पोचते, त्यामुळे थर्मोकपल कुठे लावलं याची फिकीर नको. तशाच आकाराच्या झिंक सेलेनाइडला सेकंद-दोन सेकंद लागतात. गंमत म्हणजे १०.६ मायक्रॉनला झिंक सेलेनाइड हिऱ्यापेक्षा कितीतरी कमी शोषतं. तरी किलोवॅटच्या लेझरला लोक महागडी हिऱ्याची खिडकी लावतात, कारण झिंक सेलेनाइडमध्ये उष्णता मधेच साठते, तिथला अपवर्तनांक बदलतो आणि खिडकीचंच भिंग होतं. हिऱ्याची कड पाण्याने थंड ठेवली की भागतं.

२० वॅटला माझ्या चकतीत ०.१२ वॅट मुरत होते, म्हणजे ०.६ टक्के. सर म्हणाले, "हे आतलं की पृष्ठावरचं?" प्रश्न रास्त होता, बोटाचा डागसुद्धा इथे भरपूर शोषतो. मग अ‍ॅसिटोन आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, त्याच वाढीतून कापलेली २ मिलीमीटरची चकती लावली. सगळं शोषण आतलं असतं तर १.२ यायला हवं होतं, आलं १.०. म्हणजे दर मिलीमीटरला ०.४ टक्के हिऱ्याच्या आत, आणि उरलेलं ०.२ दोन पृष्ठांवर. शोषण गुणांक ०.०४ प्रति सेंटीमीटर. आता त्याच चकत्या पुन्हा पॉलिश करून ते ०.२ किती खाली येतं ते बघायचंय, पण जून लागल्यावर.