पन्नास पोती हळद आणि भंगारातला डबा

‘सर, ह्या डबड्यावर युनिक्स चढवून करायचं काय?’ सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या घरी आलेला माणूस चहाचा कप ठेवायला जागा शोधतो, तेव्हा त्याची नजर हमखास टेबलावरच्या स्पार्कस्टेशन ५ वर जाते. सन कंपनीचा जुना कॉम्प्युटर, आत स्पार्क जातीचा प्रोसेसर. १९९४ सालचं मॉडेल, साधारण १६ इंच चौरस, ३ इंच उंच. कुपवाड एमआयडीसीतल्या एका ड्रॉइंग ऑफिसातून ते भंगारात निघालं आणि मी किलोच्या भावानं उचललं. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगतो.

आधी कबुली. पोर्ट, म्हणजे सिस्टीम ह्या मशीनवर चालेल अशी करणं, मी केलेलं नाही. मी चढवली ती नेटबीएसडी, युनिक्स घराण्यातली ऑपरेटिंग सिस्टीम, १९९३ पासून आहे आणि ह्या जातीच्या मशीनवर ती फार आधीपासून चालते. पोर्ट करायचं म्हणजे सगळी सिस्टीम नव्यानं लिहायची असं नव्हे. फाइल सिस्टीम, नेटवर्क वगैरे मोठा भाग सगळीकडे तोच राहतो. बदलतं ते तळातलं: सुरुवातीची असेंब्ली (थेट प्रोसेसरच्या भाषेतला कोड), मेमरीची पानं कुठं बसवायची ते बघणारा पीमॅप, आणि ड्रायव्हर. ते कष्ट दुसऱ्यांनी उपसलेत. माझ्याकडे राहते ती डागडुजी. लॅपटॉपवर स्पार्कसाठी कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, बांधायचा, नेटवर्कवरून बूट करायचा, काय मोडलं ते शोधायचं. डब्यावरच बांधायला बसलं तर ११० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर दिवसेंदिवस दळत बसतो.

पहिला महिना तर तिथवरही पोचलो नाही. ह्या मशीनचं घड्याळ, सेटिंग आणि मॅक पत्ता (नेटवर्कवरची ओळख) एकाच चिपमध्ये असतात, आणि चिपची बॅटरी तिच्याच प्लॅस्टिकमध्ये गाडलेली. ती वयानं संपली की मशीन स्वतःचं नावगाव विसरतं. मग नेटवर्कवर फाइल मागणार कुणाच्या नावानं? करवतीच्या पात्यानं प्लॅस्टिक खरवडलं, आतल्या टोकांना तारा डाखल्या, ३ व्होल्टचा बटण सेल लावला आणि मशीन सुरू होताना दिसणाऱ्या ओके प्रॉम्प्टवर मॅक पत्ता एकेक बाइट करून हातानं भरला. बायको म्हणाली, एवढ्यात नवा घेतला असता. खरंच आहे.

आता हळदीचं. मार्केट यार्डात मेहुण्याचं अडत दुकान आहे. त्याच्यासाठी मी एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. नोंदीत एक बाइट हळदीच्या जातीचा, लगेच चार बाइट पोत्यांचा आकडा. इंटेल प्रोसेसरच्या लॅपटॉपवर वर्षानुवर्षं बिनतक्रार चालला. गंमत म्हणून तो डब्यावर चालवला, तर पहिल्याच नोंदीला ‘बस एरर’. मला वाटलं, रॅम गेली. रॅम ठणठणीत होती. चार बाइटांचा आकडा चारनं भाग जाणाऱ्या पत्त्यावरूनच उचलायचा, असा स्पार्कचा दंडक. माझा आकडा पत्ता १ वर बसलेला. इंटेल असलं मुकाट्यानं सावरून घेतो, हा थेट प्रोग्रामच बंद पाडतो.

बाइट कॉपी करून ते निस्तरलं, तर लॅपटॉपवर लिहिलेल्या फाइलीतल्या ५० पोत्यांच्या जागी ८३,८८,६०,८०० पोती दिसायला लागली! पत्ता लिहिताना कुणी घर नंबरापासून सुरुवात करतं, कुणी जिल्ह्यापासून. तसं इंटेल आकड्याचा लहान टोकाचा बाइट आधी ठेवतो, स्पार्क मोठ्या टोकाचा. ५० तोच, वाचला उलट्या बाजूनं. मेहुण्याला स्क्रीन दाखवली. तो म्हणाला, ‘दाजी, एवढ्यावर अडत किती बसली ते तरी सांगा.’

चूक डब्याची नव्हती. फाइलमध्ये बाइट कुठल्या क्रमानं ठेवायचे हे मी कुठं ठरवलंच नव्हतं. लॅपटॉपवर ते आपोआप जुळत होतं, म्हणून मला पत्ता नव्हता. आता आकडा एकेक बाइट घेऊन जुळवतो, आणि दुकानात काही नवीन देण्याआधी ते रात्रभर इथं चालतं. परवा जीएसटीच्या बिलाचा प्रोग्राम लावून झोपलो होतो. सकाळी स्क्रीनवर पुन्हा ‘बस एरर’. ओळ सापडलीय, रविवारी बघतो.