हिरोशिमात एक रात्र राहा, कार्पचा सामना बघा

जपानला जाणारे आपले बहुतेक लोक हिरोशिमा एका दिवसात उरकतात. सकाळी ओसाकाहून शिंकानसेन (बुलेट ट्रेन), दुपारपर्यंत पीस पार्क आणि संग्रहालय, मग मियाजिमा बेटावरची पाण्यात उभी असलेली कमान, आणि अंधार पडायच्या आत परत. आमचाही बेत तसाच होता. बाबांनी तो पुण्यातच बदलायला लावला. त्यांनी चाळीस वर्षं क्लबच्या क्रिकेट सामन्यांचे स्कोअर लिहिले आहेत. हिरोशिमाच्या कार्प या बेसबॉल संघाबद्दल कुठेतरी वाचल्यावर ते एवढंच म्हणाले, "ज्या संघासाठी गावाने पिंपात पैसे टाकले, तो संघ मला बघायचाय."

ती पिंपाची गोष्ट आधी सांगते, कारण ती माहीत नसेल तर मैदानात जे दिसतं त्यातलं निम्मं कळत नाही. 6 ऑगस्ट 1945 ला शहर भस्म झालं आणि त्यानंतर पाच वर्षांच्या आत, 1950 मध्ये, या शहराचा संघ व्यावसायिक लीगमध्ये खेळू लागला. बाकीच्या संघांमागे वर्तमानपत्रं, रेल्वे अशा मोठ्या कंपन्या होत्या, हिरोशिमा कार्पच्या मागे कोणीच नव्हतं. 1951 मध्ये खेळाडूंचे पगार थकले आणि संघ दुसऱ्या संघात विलीन करायचं घाटत होतं. तेव्हा मैदानाबाहेर साकेची (तांदळाच्या दारूची) लाकडी पिंपं ठेवली गेली. स्वतःची घरं अजून नीट उभी न राहिलेल्या लोकांनी त्यात नाणी टाकली आणि संघ वाचवला. पहिलं लीग विजेतेपद मिळायला त्यानंतर 1975 साल उजाडावं लागलं. संघाची लाल टोपीही त्याच वर्षीची.

नावाचाही उलगडा करते. कार्प म्हणजे आपल्या रोहू-कटल्याच्या कुळातला मासा. हिरोशिमाच्या किल्ल्याचं जुनं टोपणनाव 'रिजो', म्हणजे कार्प माशाचा किल्ला. जपानीत या माशाला 'कोइ' म्हणतात आणि प्रेमालाही 'कोइ'च म्हणतात.

आता तिकिटांचं. इथे आम्ही चुकलो, तुम्ही चुकू नका. कार्पची तिकिटं हंगाम सुरू व्हायच्या आधीच विक्रीला येतात, आणि शनिवार-रविवारची फार लवकर संपतात. आम्ही एप्रिलमध्ये जागे झालो. घाबरून एका पुनर्विक्रीच्या संकेतस्थळावर दुप्पट पैसे भरायच्या बेतात होतो, तेवढ्यात कळलं की जपानमध्ये 2019 पासून अशा चढ्या भावाच्या पुनर्विक्रीविरुद्ध कायदाच आहे, आणि तसलं तिकीट दारात अडवलं जाऊ शकतं. मग आधी हॉटेल ठरवलं आणि तिथल्या रिसेप्शनवरच्या बाईंना ईमेल लिहून मदत मागितली. त्यांच्यामुळे बुधवारची दोन तिकिटं मिळाली, इनफिल्डच्या (बेसजवळच्या भागाच्या) वरच्या मजल्यावरची, अनारक्षित, प्रत्येकी दोन हजार येनच्या आसपास. मधल्या वारचा सामना धरा, सोमवार टाळा. सोमवारी सहसा सामने नसतात. हंगाम मार्चअखेर सुरू होतो आणि साखळी सामने ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत चालतात.

तिकीट घेताना बाजू नीट बघा. कार्पचा डगआउट, म्हणजे खेळाडू बसतात तो कट्टा, पहिल्या बेसच्या बाजूला आहे. यजमानांच्या जल्लोषाच्या जागांमध्ये पाहुण्या संघाचा शर्ट घालून बसू देत नाहीत. तेव्हा समोरच्या संघाचा रंग कोणता ते पाहूनच कपडे ठरवा.

सामन्याच्या दिवशी सकाळी आम्ही संग्रहालय पाहिलं. त्याबद्दल इथे लिहीत नाही. बाहेर आल्यावर बराच वेळ आम्ही दोघं नदीकाठी बसून होतो. मग अणुबॉम्ब घुमटासमोरचा रस्ता ओलांडला. कार्पचं जुनं मैदान इथेच होतं, 1957 ते 2008. आता तिथे मोकळी बाग आहे आणि जुन्या स्टँडचा एक तुकडा मुद्दाम राखून ठेवला आहे. म्हणजे पन्नासेक वर्षं या गावाने त्या पडक्या घुमटाच्या समोर बसून आरोळ्या ठोकल्या. बाबा त्या तुकड्याला हात लावून उभे राहिले. संग्रहालयातून थेट स्टेशन गाठलं असतं, तर मी हे शहर फक्त मेलेल्यांचं म्हणून लक्षात ठेवलं असतं.

नवं माझदा स्टेडियम 2009 चं आहे, हिरोशिमा स्टेशनपासून पायी दहा-पंधरा मिनिटांवर. नकाशा लागत नाही, लाल शर्टांच्या मागे चालत राहायचं. नोकरीवरून थेट आलेले लोक रस्त्यातच टायवर लाल शर्ट चढवत होते. सामना सहाला असेल तर साडेचारपर्यंत पोहोचा, म्हणजे सराव बघता येतो आणि अनारक्षित जागेत हवी ती खुर्चीही मिळते. सामान स्टेशनवरच्या लॉकरमध्ये ठेवा, कारण खुर्च्यांमध्ये पाय ठेवायलाच बेताची जागा असते. कॅन आणि काचेच्या बाटल्या आत नेता येत नाहीत. मैदानाला सगळीकडून फेरी मारता येते, ती जरूर मारा. लेफ्ट फील्डच्या, म्हणजे मैदानाच्या डाव्या टोकाच्या, बाजूला भिंत मोकळी सोडली आहे आणि तिथून शिंकानसेन जाताना दिसते.

शाकाहारी असाल तर एक सावधगिरी. इथला कार्प उडोन (रश्शातल्या जाड नूडल्स) फार प्रसिद्ध, जुन्या मैदानापासूनचा, पण त्याचा रस्सा माशाचा असतो. वरचं मांस काढायला सांगून उपयोग नाही. आम्ही स्टेशनवरून उमेबोशीच्या ओनिगिरी, म्हणजे आंबट खारवलेलं फळ घातलेले भाताचे गोळे, नेल्या होत्या, आत एदामामे (सोयाबीनच्या उकडलेल्या शेंगा) आणि बटाट्याचे फ्राइज मिळाले. बाबांचं पोट भरलं. मी उडोन खाल्ला, आणि तो खरंच छान होता. पाठीवर बियरची टाकी घेऊन मुली पायऱ्यांवरून वर-खाली धावत असतात. हात वर केला की येतात. टीप द्यायची नसते.

आमच्या शेजारी सत्तरीचे एक आजोबा बसले होते. अंगात 3 नंबरचा शर्ट, मांडीवर स्कोअरची वही, दोन टोकदार पेन्सिली. बाबांनी पिशवीतून स्वतःची वही काढली. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता, आणि नऊ इनिंग्ज, म्हणजे अख्खा सामनाभर, ते बोलत होते. बेसबॉलच्या स्कोअरमध्ये प्रत्येक क्षेत्ररक्षकाला आकडा असतो: पिचर (चेंडू टाकणारा) 1, कॅचर (बॅटरच्या मागे बसणारा) 2, पहिला बेस 3, दुसरा बेस 4, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला) 6. शॉर्टस्टॉपने चेंडू उचलून पहिल्या बेसवर फेकला आणि बॅटर बाद झाला, की वहीत 6-3. तिसऱ्या इनिंगपर्यंत बाबांना हे पाठ झालं होतं. ते बोटांनी आकडे दाखवायचे, आजोबा मान हलवायचे, चुकलं तर हळूच पेन्सिलीने दुरुस्त करायचे. तुम्हाला खेळ येत नसेल तर हाच मार्ग धरा, कागद-पेन्सिल घेऊन बसा.

शर्टावरचा 3 कार्पच्या जुन्या खेळाडूचा, साचिओ किनुगासाचा. तो सलग 2215 सामने खेळला. 1979 च्या ऑगस्टमध्ये चेंडू लागून त्याच्या खांद्याचं हाड मोडलं. दुसऱ्या दिवशी तो बॅट घेऊन उभा राहिला, तीनदा पूर्ण ताकदीने फिरवली, तिन्ही वेळा चेंडू हुकला आणि बाद झाला. आजोबांनी फोनवर भाषांतर करून आम्हाला हे दाखवलं आणि मग स्वतःच्या खांद्यावर हात ठेवला.

जल्लोषाची पद्धत समजून घ्या. आपला संघ बॅटिंगला असतानाच गायचं, समोरचा संघ बॅटिंग करत असताना गप्प बसायचं. त्या वेळी समोरचे समर्थक गातात, आणि त्यांना कोणी हुर्यो करत नाही. वानखेडेवर वाढलेल्या कानांना हे आधी चमत्कारिक वाटतं. प्रत्येक खेळाडूचं स्वतःचं गाणं, ट्रम्पेट आणि ढोल साथीला. कार्पचे लोक एक आड एक गट उठून-बसून गातात, त्यामुळे अख्खा स्टँड लाटेसारखा हलतो. गुडघे दुखत असतील तर बसून टाळ्या वाजवा, कोणी काही म्हणत नाही. धाव झाली की सगळे उभे राहून एक गीत म्हणतात. त्याचा आशय असा, की मियाजिमाच्या पुजाऱ्याने कौल लावलाय आणि आजही कार्पच जिंकणार! ताल धरायला लागणाऱ्या प्लास्टिकच्या छोट्या बॅटींची जोडी दुकानात मिळते. आम्ही घेतली नव्हती, मागच्या रांगेतल्या आजींनी त्यांची जोडी माझ्या हातात दिली.

पाऊस आला तर स्टँडमध्ये छत्री उघडायची नाही, पोंचो बाळगा. फाउल चेंडू (रेषेबाहेर उडालेला) स्टँडकडे येताना शिट्टी वाजते, तेव्हा फोन सोडून वर बघा. लांबलेला सामना बारा इनिंग्जनंतर बरोबरीत सोडतात, आणि तोवर रात्र बरीच होते. शेवटच्या शिंकानसेनकडे बघत सामना पाहण्यात अर्थ नाही. म्हणूनच रात्रीचा मुक्काम सुचवते आहे, आणि तोही स्टेशनच्या आसपास.

कार्प एका धावेने हरले. कोणी शिव्या दिल्या नाहीत, कोणी बाटली फेकली नाही. लोकांनी आपापला कचरा उचलला. आजोबांनी शेवटची चौकट भरली, बाबांच्या वहीशी ताडून पाहिली, सातव्या इनिंगमधली एक नोंद जुळेना. गर्दी ओसरली, दिवे अर्धे झाले, एक स्वयंसेवक येऊन नम्रपणे दाराकडे हात दाखवून गेला, तरी हे दोघं 4-3 की 6-3 यावर बोटं नाचवत होते. अखेर 4-3 ठरलं. बाबांनी खोडून लिहिलं.