सातव्या मजल्यावरचा कॉलम

माहीमच्या किनाऱ्याजवळ एक चौदा मजली सांगाडा अकरा वर्षं तसाच उभा आहे. पगडीची, म्हणजे एकरकमी पैसे देऊन कायमच्या भाड्याने घेतलेल्या घरांची जुनी इमारत पाडून टॉवर चढवायला घेतला आणि बिल्डरचे पैसे संपले. आधी काम थांबलं, मग वर्षभरात भाडेकरूंना दुसरीकडे राहण्यासाठी बिल्डरकडून मिळणारं भाडंही. म्हाडा कायद्यातल्या 91-अ कलमानुसार उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींचे असे रखडलेले प्रकल्प म्हाडा ताब्यात घेऊ शकते. पण उभं आहे ते वापरता येईल की पाडावं लागेल, हे भाडेकरूंच्या समितीला आधी हवं होतं. ते तपासायला आम्ही चौघं जनरेटर, काँक्रीटचे दंडगोल नमुने (कोअर) कापणारं कोअर कटिंग मशीन आणि पाण्याचे कॅन घेऊन गेलो.

तळघरात कमरेएवढं पाणी होतं. मुंबईत मलेरिया पसरवणारा ॲनोफिलिस स्टीफेन्सी डास अशाच साठलेल्या पाण्यात वाढतो, म्हणून कुणीतरी त्यात गप्पी मासे सोडले होते. कित्येक पिढ्या झाल्या असतील त्यांच्या.

समितीतर्फे एक काका आले होते, वय एकाहत्तर. जिन्याला कठडा नाही, लिफ्टची पोकळी उघडी. मी त्यांना खालीच थांबा म्हटलं. ते आमच्या आधी चढू लागले.

गच्चीवर मला खरा राग आला. पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या कॉलमच्या सळ्या अकरा पावसाळे उघड्यावर खाऱ्या वाऱ्यात. 25 मिलिमीटरची सळई गंज खरवडल्यावर व्हर्नियरमध्ये 19 भरली. गंजाला लोखंडाच्या कित्येक पट जागा लागते, त्यामुळे खालचं काँक्रीटही फुगून तडकलं होतं. काम थांबवताना सळ्यांना सिमेंटची स्लरी फासून वर कच्चं काँक्रीट ओतलं असतं तरी बरंच वाचलं असतं. एका दिवसाचं काम. कुणी केलं नाही.

तपासायचे कॉलम आम्ही नकाशावर आधीच ठरवले होते. सातव्या मजल्यावर समुद्राकडच्या कॉलमवर मी खडूने गोल काढला, तर काका एकदम म्हणाले, "इथे नको. ही माझी खोली आहे." भिंत नव्हतीच कुठे. पण करारातला नकाशा त्यांना पाठ होता. इथे ओटा, इथे पलंग, इथून समुद्र.

मी थांबले. थोड्या वेळाने तेच म्हणाले, "पाडा भोक, मॅडम. काय असेल ते कळू दे."

रीबार लोकेटरने सळ्या चुकवून दोन कोअर काढले. एक दाबचाचणीसाठी ठेवला, दुसरा फोडून ताज्या भागावर फिनॉल्फ्थॅलीन फवारलं. बाहेरचे पंधरा मिलिमीटर बेरंग, आत गर्द गुलाबी. काँक्रीट अल्कधर्मी असेपर्यंत हा रंग चढतो, आणि त्या अल्कधर्मी आवरणातच सळई सुरक्षित राहते. एवढं सांगितल्यावर काकांनी तुकडा दोन्ही हातांत धरला.

पुढचं सांगणं मला जड गेलं. समुद्री हवेतलं मीठ या गुलाबी रंगात दिसत नाही. गुलाबी काँक्रीटमधूनही क्लोराइड सळईपर्यंत पोहोचतं आणि तिच्यावरचा संरक्षक थर फोडतं. म्हणून कॉलमच्या पृष्ठभागापासून आत वेगवेगळ्या अंतरावरची भुकटी ड्रिलने काढून, पिशव्यांवर नंबर घालून प्रयोगशाळेत पाठवायची होती. काका म्हणाले, "म्हणजे अजून थांबायचं." थांबायची त्यांना सवय होती, मला त्याचंच वाईट वाटलं.

निकाल आले. वरचे दोन मजले पाडावे लागणार. समुद्राकडच्या कॉलमना जॅकेटिंग, म्हणजे भोवती नव्या सळ्या बांधून काँक्रीटचं वेष्टन. बाकीचं दुरुस्तीने टिकेल. अहवाल समितीला दिला आणि काकांना मुद्दाम फोन केला.

"सातवा?"

"राहील, काका. तुमच्या कॉलमला जॅकेटिंग लागेल."

पलीकडे बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, "खोली किती इंचांनी लहान होईल?"

"कॉलमच्या प्रत्येक बाजूला चार इंच."

ते लिहून घेत होते. आकडा पुन्हा एकदा विचारला.