प्रोब नेमका कुठे ठेवायचा? सापाच्या पेटीचं तापमान जमवण्याचा माझा अनुभव

हीटर कुठला घ्यायचा यात माझा फार वेळ गेला नाही. वेळ खाल्ला तो प्रोबने, म्हणजे थर्मोस्टॅटच्या (तापमान पाहून हीटरची वीज सांभाळणाऱ्या उपकरणाच्या) वायरीच्या टोकाला असलेल्या इवल्याशा सेन्सरने. सोबतच्या पत्रकात त्याबद्दल एकच ओळ होती: 'प्रोब पेटीत ठेवा.' पेटीत कुठे, किती उंचीवर, कशाला टेकवून, याबद्दल अवाक्षर नाही. त्या ओळीचा राग मला अजून आहे, कारण सापाचं पोट भाजणार की नाही हे त्याच जागेवर ठरतं.

माझा साप बॉल पायथन, म्हणजे आफ्रिकेतला एक बिनविषारी अजगर. त्याला लागतं ते असं: पेटीच्या एका टोकाला ३१ ते ३३ अंश सेल्सिअस, दुसऱ्या टोकाला २५-२६. मी काचेच्या पेटीखाली एक तृतीयांश तळ व्यापेल एवढी हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी पातळ चटई, लावली, आत चार सेंटीमीटर नारळाचा भुसा पसरला, प्रोब भुशावर ठेवला आणि थर्मोस्टॅट ३२ वर लावला. काही तासांनी पडद्यावर ३२ आलं आणि तिथेच राहिलं. मग दुसऱ्या थर्मामीटरचं टोक भुशातून खाली काचेपर्यंत सरकवलं. तिथे ४३!

यात थर्मोस्टॅट बिघडलेला नव्हता. कोरडा भुसा उष्णता अडवतो. वरचा थर ३२ होईपर्यंत थर्मोस्टॅट मॅटला वीज देतच राहतो आणि तोवर खालची काच तापत जाते. बॉल पायथन भुसा बाजूला सारून नेमका तिथेच जाऊन बसतो. चटका बसला की तो आपणहून सरकेल, या भरवशावर राहू नका. आजूबाजूची हवा गार असेल तर साप तापलेल्या जागेवर पडून राहतो आणि पोटाचे खवले भाजले तरी हलत नाही.

म्हणून प्रोब मॅटच्या बरोबर वर, काचेला टेकवला. आता काच ३२ वर थांबली, पण भुशाचा पृष्ठभाग २७ च्या वर जाईना. मॅटवरच्या भागात भुसा जेमतेम एक सेंटीमीटर ठेवला आणि थर्मोस्टॅट ३४ केला, तेव्हा पृष्ठभाग ३१ वर आला. इथे एक गोष्ट पक्की कळली: थर्मोस्टॅटवरचा आकडा हे फक्त कमी-जास्त करायचं बटण आहे. साप जिथे बसणार तिथलं तापमान वेगळ्या थर्मामीटरने मोजायचं आणि ते जुळेपर्यंत तो आकडा हलवायचा. पडद्यावर ३४ दिसो की ३६, त्याची फिकीर करायची नाही.

तरी काटा वर-खाली होत होता. माझा थर्मोस्टॅट चालू-बंद प्रकारचा होता आणि त्यातला फरक २ अंशांवर ठेवलेला होता, म्हणजे तापमान २ अंश उतरल्याशिवाय मॅट परत चालू होत नसे. शिवाय बंद झाल्यावरही तापलेली काच उष्णता देत राहते. फरक ०.५ केल्यावर हेलकावे बरेच कमी झाले. ही सेटिंग मेनूत आत कुठेतरी असते, पण शोधाच. थर्मोस्टॅटमध्ये गरम आणि थंड असे दोन मोड असतील तर गरमच निवडलाय ना, तेही पाहा. उलट मोडमध्ये पेटी गरम झाल्यावर हीटर चालू होतो.

एवढं करूनही रात्री पेटीतली हवा २१ वर उतरत होती. मॅट जमीन तापवते, हवा फारशी नाही. शेवटी मॅट काढली आणि वरून सिरॅमिक हीटर लावला. त्याला प्रकाश नसतो, त्यामुळे रात्रीही चालतो. होल्डर मात्र चिनी मातीचाच हवा, प्लॅस्टिकचा वितळतो. भोवती तारेची जाळी हवी, नाहीतर साप त्याला विळखा घालतो. प्रोब हीटरच्या खाली, सापाच्या पाठीच्या उंचीवर, भिंतीला क्लिपने पक्का केला. सिरॅमिक हीटरला पल्स प्रकारचा, म्हणजे थांबून-थांबून थोडी थोडी वीज देणारा थर्मोस्टॅट चांगला. ऊब देणाऱ्या दिव्याला तो लावला तर दिवा लुकलुकतो, तिथे वीज हळूहळू कमी-जास्त करणारा डिमिंग प्रकार घ्यावा. वरच्या हीटरने हवा कोरडी होते, म्हणून आर्द्रताही मोजत राहा. बॉल पायथनला साधारण ५५ ते ७० टक्के लागते.

प्रोब पक्का करायला पेटीच्या आत चिकटपट्टी अजिबात वापरू नका. ती सापाला चिकटली की सोडवताना खवले निघतात. पण प्रोब नुसता सोडूनही चालत नाही. सापाने तो ढकलून पेटीबाहेर पाडला तर तो खोलीचं तापमान वाचतो आणि हीटर पूर्ण ताकदीने चालत राहतो. पाण्याचं भांडं कलंडून प्रोब भिजला तरी तो खरं तापमान दाखवत नाही. म्हणूनच हीटर गरजेपेक्षा फार ताकदीचा घेऊ नये. थर्मोस्टॅट बिघडून तो सतत चालला तरी पेटी गरजेपेक्षा थोडीच वर जावी. मोठा हीटर लवकर तापवतो हे खरं, पण चूक झाली तर सावरायला वेळ देत नाही.

इन्फ्रारेड थर्मामीटरने बाहेरून काचेवर नेम धरलात तर काचेचंच तापमान दिसतं, आतल्या भुशाचं नाही. झाकण उघडून थेट भुशावर किंवा लाकडावर धरा. चकचकीत धातूवर तो चुकीचा आकडा देतो.

आधी सांगायचं राहिलं: लपायची जागा दोन्ही टोकांना सारखीच ठेवा. गार टोकालाच आडोसा असेल तर साप ऊब सोडून आडोशात बसतो, खाल्लेलं नीट पचत नाही आणि उलटून टाकतो. आणि हे सगळं साप आणण्याआधी, रिकाम्या पेटीत. किमान-कमाल नोंदवणारा थर्मामीटर दोन्ही टोकांना ठेवून आठवडाभर आकडे लिहा. रात्रीचा किमान आकडा २३-२४ च्या खाली जात असेल तर अजून काम बाकी आहे.