दुसरा जून : वर चढलेल्या क्लबांची वही, नोंद सातवी

मागच्या नोंदीत मी छातीठोकपणे लिहिलं होतं की इंग्लिश फुटबॉलमध्ये खालच्या लीगमधून वर आलेला क्लब पहिल्याच उन्हाळ्यात निम्मा संघ बदलतो आणि तिथेच त्याचं गणित फिसकटतं. ते विधान मागे घेतो. वहीत बसत नाही.

1 सप्टेंबर 2025 ला इंग्लंडची ट्रान्सफर विंडो (क्लबांना खेळाडू घेण्या-देण्याची मुदत) बंद झाली तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा वाजले होते. घरी गौरीजेवण. पुरणपोळ्या हाणून सगळे आडवे झालेले आणि मी गौरींसमोर समईच्या उजेडात लॅपटॉप उघडून बसलेलो. मावशीने विचारलं, "कुणाचा निकाल लागायचाय का रे?" म्हटलं, रेक्सहॅमचा. "कोण ती?" यापुढे समजावण्यात अर्थ नव्हता.

तर रेक्सहॅम, वेल्समधला पण इंग्लंडच्या लीगमध्ये खेळणारा क्लब. एकाच उन्हाळ्यात डझनभराहून जास्त नवे खेळाडू: कॉनर कोडी, कीफर मूर, जॉश विंडास, नेथन ब्रॉडहेड, डॅनी वॉर्ड आणि आणखी बरेच. ज्याच्या नावाची गाणी स्टँडमध्ये गायली जायची तो पॉल मलिन लोनवर (ठरावीक काळासाठी उसना) विगनला. 2022-23 च्या नॅशनल लीगमध्ये (इंग्लंडची पाचवी पायरी; तिच्या वर क्रमाने लीग टू, लीग वन, चँपियनशिप आणि प्रीमियर लीग) रेक्सहॅमने 116 गोल केले, त्यातले 38 त्याचे. जवळपास एक तृतीयांश. दोनच वर्षांनी त्याला बसायला जागा नाही.

हे वाचून कुणीही म्हणेल, बघा, वर चढलं की जुन्यांना नारळ. पण वही दोन पानं मागे उलटा. 2023 च्या उन्हाळ्यात, म्हणजे पंधरा वर्षांनी लीगमध्ये (वरच्या चार पायऱ्यांत) परतल्यावर, याच क्लबाने किती बदल केले? विल बॉइल, जॉर्ज इव्हान्स, जेम्स मॅक्लीन, आर्सेनलकडून लोनवर गोलकीपर आर्थर ओकोन्क्वो, नंतर स्टीव्हन फ्लेचर. कणा तोच राहिला: टोझर, यंग, ली, पामर, मलिन. इतका मोठा पैसेवाला क्लब, आणि पहिल्या जूनमध्ये, म्हणजे वर चढल्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात, त्याने घरातलं फर्निचर जेमतेम हलवलं.

आता मोजायच्या पद्धतीबद्दल, कारण गेल्या वेळी तिच्यावरूनच वाद झाला होता. डोकी मोजणं मी बंद केलंय. "क्लबाने बारा जणांना सोडलं" ही बातमी भीषण वाटते, पण त्या बारांत चार पोरं अशी असतात की ज्यांनी कधी बूट बांधलेले नसतात, तीन लोनवाले मुळात परत जाणारच होते आणि एक राखीव गोलकीपर वर्षभर बाकावर ब्लँकेट पांघरून बसलेला असतो. म्हणून मिनिटं. 46 सामने, 11 जण, 90 मिनिटं: एका हंगामाची 45,540 मिनिटं. प्रमोशनच्या हंगामातली ही मिनिटं ज्यांच्या नावावर आहेत, त्यांतले किती जण पुढच्या विंडोनंतर क्लबात उरले, हा एक रकाना. गोलांचा दुसरा, कारण मिनिटं टिकूनही गोल निघून जाऊ शकतात. ल्यूटन टाउन 2013-14 मध्ये 101 गुणांनी कॉन्फरन्स (नॅशनल लीगचं जुनं नाव) जिंकून वर आलं आणि त्याच उन्हाळ्यात त्यांचा मुख्य गोल करणारा आंद्रे ग्रे ब्रेंटफर्डला गेला. मिनिटांच्या रकान्यात एक माणूस, गोलांच्या रकान्यात भगदाड.

याच शीटमध्ये एक गाढवपणा सापडला. ओकोन्क्वो 2023-24 ला लोनवर होता, हंगाम संपल्यावर आर्सेनलने त्याला सोडलं आणि जुलै 2024 मध्ये तो रेक्सहॅमचा कायमचा झाला. माझ्या फॉर्म्युल्याने त्याला आधी "गेला" म्हणून धरलं, मग "नवा आला" म्हणून. एकच माणूस, त्याच गोलपोस्टमध्ये उभा, आणि वहीत दोनदा उलथापालथ. आता लोनवरून परत आलेल्याला वेगळं अक्षर दिलंय: "प". सगळ्या क्लबांच्या ओळी पुन्हा तपासताना दोन रविवार गेले. ज्यांनी माझी शीट उतरवून घेतली असेल त्यांनी जुनी फेकून द्यावी.

आता मूळ मुद्दा. "दुसरा जून" नावाचा रकाना वाढवल्यावर चित्रच पालटलं. इंग्लंडमध्ये खेळाडूंचे करार साधारण 30 जूनला संपतात. नॅशनल लीगमध्ये वर चढायची धडपड करणारा क्लब चांगल्या खेळाडूला दोन-तीन वर्षांचा करार देऊन ठेवतो, त्यामुळे पहिल्या जूनला निम्मे जण कागदावर बांधलेलेच असतात. शिवाय नॅशनल लीगचे वरचे क्लब आता पूर्णवेळ व्यावसायिक आहेत. तिथली वरची टोकं आणि लीग टूचा मध्य यांत फार अंतर नाही, म्हणून जुना संघ एक वर्ष निभावून नेतो. खरी झाडाझडती होते ती एक वर्ष उशिरा. रेक्सहॅमचं बघा: 2023-24 मध्ये 88 गुणांनी दुसरे, पुन्हा प्रमोशन, आणि त्या उन्हाळ्यात बेन टोझर फॉरेस्ट ग्रीनला, कर्णधार ल्यूक यंग चेल्टनहॅमला, एरन हेडन कार्लाइलला. नॅशनल लीग जिंकणाऱ्यांची पांगापांग तेव्हा सुरू झाली. 2025 चा लोंढा हे त्याचं पुढचं पान.

नॉट्स काउंटीची ओळ याला दुजोरा देते. त्याच 2022-23 मध्ये त्यांचे 107 गुण झाले, तरी दुसरे आल्यामुळे प्लेऑफ (वर जायच्या उरलेल्या जागेसाठीचे बाद सामने) खेळावं लागलं (111 गुणांच्या रेक्सहॅमने कुणाचं काय करावं!). 117 पैकी 42 गोल मकॉली लँगस्टाफचे. पहिल्या जूनमध्ये रुबेन रॉड्रिग्ज ऑक्सफर्डला गेला, डेव्हिड मॅकगोल्ड्रिक आला, पण लँगस्टाफ थांबला आणि लीग टूमध्येही 28 गोल करून सगळ्यांच्या पुढे राहिला. जानेवारीत मॅनेजर ल्यूक विल्यम्स स्वान्सीला. दुसऱ्या जूनमध्ये लँगस्टाफ मिलवॉलला. अगदी ठरल्यासारखं.

टिकलेला संघ म्हणजे लगेच सुख असं मात्र नाही. 5 ऑगस्ट 2023, लीग टूचा पहिला दिवस: रेक्सहॅम घरच्या मैदानावर एमके डॉन्सकडून 3-5 ने हरलं, नॉट्स काउंटी सटनला जाऊन 1-5. वर आलेल्या दोघांनीही पाच-पाच खाल्ले. मी त्या रात्री वहीत मोठ्या अक्षरांत "बचाव!" लिहिलं होतं आणि दोन्ही क्लब खाली जाणार असं भाकीत केलं होतं. एप्रिलअखेर खाली गेलं ते सटन.

आता माझ्या सिद्धांताला न जुमानणाऱ्या ओळी. फॉरेस्ट ग्रीन 2022 मध्ये लीग टूचे विजेते. मॅनेजर रॉब एडवर्ड्स वॉटफर्डला, केन विल्सन ब्रिस्टल सिटीला, निकी कॅडन बार्न्सलीला, एबू अ‍ॅडम्स कार्डिफला, आणि गोलांची खाण असलेला मॅटी स्टीव्हन्स गुडघा घेऊन बसलेला. सगळं पहिल्याच जूनमध्ये. पुढच्या वर्षी लीग वनच्या तळाशी, त्याच्या पुढच्या वर्षी लीग टूच्या तळाशी, थेट नॅशनल लीगमध्ये परत.

क्रॉलीची गोष्ट याहून खमंग आहे. 2024 च्या लीग टू प्लेऑफमध्ये त्यांनी एमके डॉन्सला दोन सामन्यांत मिळून 8-1 ने धुतलं, मग वेम्बलीवर क्रूला 2-0 ने हरवून वर गेले. अंतिम सामन्यातला एक गोल डॅनिलो ओर्सीचा, दुसरा लियम केलीचा. उन्हाळ्यात ओर्सी बर्टनला. केली? एमके डॉन्सला! लॉरेन्स मॅग्वायरही तिथेच. सप्टेंबर 2024 मध्ये मॅनेजर स्कॉट लिंझीसुद्धा एमके डॉन्सकडे. ज्यांना आठ गोल मारले त्यांनीच घर फोडून नेलं. मार्च 2025 मध्ये लिंझी परत आला, तोवर उशीर झाला होता, क्रॉली खाली गेलं.

या दोन ओळींत समान काय, तर मॅनेजर. फॉरेस्ट ग्रीनचा पहिल्याच जूनमध्ये गेला, क्रॉलीचा सप्टेंबरात. करार खेळाडूला कागदावर बांधतो, पण ड्रेसिंग रूम मॅनेजरभोवती बांधलेली असते, आणि तो उठला की बाकीच्यांचे फोन वाजू लागतात. म्हणून नवा रकाना: "मॅनेजर पहिल्या मोसमाच्या नाताळपर्यंत आहे का?" ब्रॉमलीची ओळ या रकान्यात चमकते. 2024 मध्ये वेम्बलीवर पेनल्टीवर सोलिहल मूर्सला हरवून ते पहिल्यांदाच लीगमध्ये आले. मॅनेजर अँडी वुडमन जागेवर, आघाडीला तिशी ओलांडलेला मायकल चीक जागेवर. उलट बदललं ते मैदान: कृत्रिम गवत उखडून खरं लावावं लागलं, कारण लीगमध्ये ते चालत नाही. हॅरोगेट आणि सटन यांनाही वर चढल्यावर हेच करावं लागलं होतं. चीकने 2024-25 च्या लीग टूमध्ये 25 गोल मारले. त्या वयात स्ट्रायकर बदलायचा सल्ला मी तरी दिला असता, कबूल.

बरी 2019 ला वेगळं पान दिलंय, सरासरीत धरत नाही. एप्रिलमध्ये लीग वनमध्ये बढती, ऑगस्टमध्ये लीगमधूनच हकालपट्टी. टिकलेली मिनिटं: शून्य. गोव्याच्या डेम्पोचीही ओळ तशीच अडकून आहे. पाच वेळा देशाचा विजेता असलेला हा क्लब 2016 मध्ये आय-लीगची सेकंड डिव्हिजन जिंकून वर आला आणि वर खेळण्याआधीच माघारी फिरला. 2024 मध्ये तो पुन्हा आय-लीगमध्ये चढला, पण आपल्याकडच्या खालच्या स्तरावरची मिनिटं जुळवणं म्हणजे वाळूतून तेल काढणं. म्हापशाच्या एका मित्राने सामन्यांची कात्रणं पाठवलीत, ती चाळतोय.

जुन्यांतली दोन नावं मात्र वहीच्या पहिल्या पानावर हाताने लिहून ठेवलीत. ल्यूटनचा पेली-रडॉक एम्पांझू, जो एकाच क्लबासोबत नॉन-लीगपासून (वरच्या चार पायऱ्यांच्या खालून) प्रीमियर लीगपर्यंत गेला, असा पहिलाच. आणि रेक्सहॅमच्या अकादमीतला मॅक्स क्लेवर्थ, जो नॅशनल लीगमध्येही होता आणि 2025-26 मध्ये एवढ्या आयात मालातून वाट काढत चँपियनशिपमध्येही उतरला.

2025-26 मोसमाच्या ओळी उघडल्यात: 102 गुणांनी आलेलं बार्नेट आणि प्लेऑफमध्ये साउथएंडला हरवून आलेलं ओल्डहॅम. पहिल्या जूनचे आकडे दसऱ्यापर्यंत भरून होतील. "दुसरा जून" रकाना दोघांचाही रिकामा ठेवलाय.