चार अणुपाणबुड्या आणि अर्धे पान

ऑस्ट्रेलियाला अणुऊर्जेवर चालणाऱ्या पाणबुड्या देण्याच्या 'ऑकस' या ऑस्ट्रेलिया-ब्रिटन-अमेरिका योजनेचा तपशील अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बायडेन, ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान सुनक आणि ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान अल्बानीज या तिघांनी सॅन दिएगोच्या नाविक तळावरून जाहीर केला, तेव्हा आपल्याकडे १४ मार्च २०२३ची पहाट व्हायची होती आणि आमची शहर आवृत्ती छपाईला गेलेली होती. त्यामुळे ती बातमी सविस्तर द्यायची पाळी दुसऱ्या दिवशीच्या अंकावर आली. मी मुंबईतल्या एका मराठी दैनिकात परदेशाचे पान पाहतो. दुपारच्या बैठकीत वृत्तसंपादकांनी मला अर्धे पान दिले आणि सांगितले, "बातमी वरती घ्या, खाली चार देशांच्या हल्लेखोर अणुपाणबुड्यांचा तक्ता लावा आणि शेवटी क्रमांक द्या. कोणती सरस, हे वाचकाला एका नजरेत कळले पाहिजे."

चार पाणबुड्या निवडणे अवघड गेले नाही. ऑस्ट्रेलिया अमेरिकेकडून निदान तीन 'व्हर्जिनिया' घेणार होता. पुढची नवी पाणबुडी ब्रिटिश आराखड्यावर बेतलेली असणार होती, म्हणून ब्रिटनची आजची 'अस्ट्यूट' हवी होती. फ्रान्सच्या 'सुफ्रें'ला जागा देणे भाग होते, कारण तिच्याच डिझेलवर चालणाऱ्या भावंडाचा बारा पाणबुड्यांचा करार ऑस्ट्रेलियाने सप्टेंबर २०२१मध्ये मोडला होता, आणि ती बांधणारी 'नेव्हल ग्रुप' ही कंपनी माझगाव गोदीतल्या 'कलवरी' वर्गामुळे मुंबईकरांना अगदीच अनोळखी नाही. चौथी रशियाची 'अकुला'. त्या वर्गातली 'आयएनएस चक्र' आपल्या नौदलाने २०१२ ते २०२१ अशी भाड्याने चालवली होती.

पहिला रकाना वजनाचा होता आणि तिथेच गाडी अडली. वृत्तसंस्थेने पाठवलेल्या आकड्यांनुसार पाण्याखाली 'अकुला' १२,७७० टनांची, 'व्हर्जिनिया' सुमारे ७,८०० टनांची, 'अस्ट्यूट' ७,४०० टनांची आणि 'सुफ्रें' ५,३०० टनांची होती. आमच्या आर्टिस्टने त्या प्रमाणात आकृत्याही काढल्या आणि रशियन पाणबुडी पानभर पसरली. मला शंका आली ती पृष्ठभागावरचे आकडे शेजारी मांडल्यावर. 'अस्ट्यूट' बुडी मारते तेव्हा तिचे विस्थापन, म्हणजे ती बाजूला सारते त्या पाण्याचे वजन, जेमतेम चारशे टनांनी वाढते. 'अकुला'चे मात्र ८,१४०वरून थेट १२,७७०वर जाते. पाणबुडी शाखेतून निवृत्त होऊन पुण्यात स्थायिक झालेल्या एका अधिकाऱ्यांना मी फोन लावला. ते म्हणाले, "अहो, त्यातले साडेचार हजार टन समुद्राचे आहेत, पाणबुडीचे नाहीत. रशियन लोक दुहेरी कवच बांधतात. दाब पेलणारे कवच आत, दुसरे बाहेर आणि मधल्या टाक्यांत पाणी. एखादा कप्पा फुटला तरी वर येता यावे, म्हणून तेवढी तरंगण्याची उचल त्यांनी राखून ठेवलेली असते." पाश्चात्त्य पाणबुडी बहुतांशी एकाच कवचाची असते, त्यामुळे तिच्याकडे ही राखीव उचल थोडी असते. म्हणजे आमच्या आकृतीत रशियाचे जे अवाढव्य सामर्थ्य दिसत होते, ते खरे तर अपघाताच्या भीतीपोटी केलेली तरतूद होती. मी आकृत्या लांबीच्या प्रमाणात काढायला लावल्या: 'व्हर्जिनिया' ११५ मीटर, 'अकुला' ११०, 'सुफ्रें' ९९, 'अस्ट्यूट' ९७. चौघी एकदम जवळजवळ आल्या आणि आर्टिस्ट माझ्यावर नाराज झाला. (त्याच सुमारास छायाचित्र विभागाने 'अकुला' म्हणून दिलेला फोटो रशियाच्या महाकाय 'टायफून'चा निघाला. खुद्द रशियात 'अकुला' हे नाव त्या पाणबुडीचे आहे, त्यामुळे त्यांना बोल लावण्यात अर्थ नव्हता.)

माणसांच्या रकान्यातही तोच प्रकार होता. 'व्हर्जिनिया'वर एकशे तीसहून अधिक, 'अस्ट्यूट'वर ९८ आणि 'सुफ्रें'वर साधारण ६५ माणसे, हे वाचून कोणीही फ्रेंच स्वयंचलनाचे कौतुक करील, आणि ते अस्थानीही नाही. पण फ्रेंच नौदल प्रत्येक हल्लेखोर अणुपाणबुडीसाठी दोन संच ठेवते आणि ते आळीपाळीने समुद्रावर जातात. पगारपत्रकावरची माणसे मोजायची की बंकवर झोपणारी, हे तक्ता सांगत नाही. टॉर्पेडो नळ्यांचेही तसेच. 'अस्ट्यूट'ला सहा आणि 'व्हर्जिनिया'ला चार, म्हणून ब्रिटिश पाणबुडी वरचढ म्हणावी, तर अमेरिकनांनी टोमाहॉक क्षेपणास्त्रांसाठी बारा जागा उभ्या नळ्यांत वेगळ्या केल्या आहेत, आणि याच वर्गाच्या १४० मीटर लांबीच्या नव्या आवृत्तीत त्या चाळीस होणार आहेत.

इंधनाच्या रकान्यावर मी सगळ्यांत जास्त वेळ घालवला, कारण त्या दिवसाची बातमी खरे तर तिथेच होती. अमेरिकन आणि ब्रिटिश अणुभट्ट्यांत अतिसमृद्ध युरेनियम वापरतात, त्यामुळे 'व्हर्जिनिया'ला सुमारे ३३ वर्षे आणि 'अस्ट्यूट'ला २५ वर्षे, म्हणजे जन्मभर, इंधन बदलावे लागत नाही. 'सुफ्रें'मध्ये नागरी वीजकेंद्रांच्या तोडीचे कमी समृद्ध युरेनियम असते आणि ते साधारण दहा वर्षांनी बदलावे लागते. फ्रान्सला याचे ओझे वाटत नाही. त्याच्याकडे गोद्या आहेत, इंधन तयार करणारे कारखाने आहेत, आणि मोठी दुरुस्ती तशीही ठरलेल्या मुदतीने करायचीच असते. ऑस्ट्रेलियाकडे मात्र एकही अणुवीजकेंद्र नाही. ज्या देशाला भट्टी कधी उघडावीच लागू नये, त्याच्यासाठी अमेरिकन-ब्रिटिश पद्धत सोयीची आणि फ्रेंच पद्धत जवळजवळ अशक्य, हे लिहिल्यावर वरच्या बातमीलाही अर्थ आला.

संध्याकाळी वृत्तसंपादकांनी पुन्हा विचारले, "क्रमांक कुठे आहेत?" पुण्याच्या अधिकाऱ्यांचे म्हणणे मी त्यांना तसेच्या तसे सांगितले: समोरच्याला आपला आवाज किती अंतरावरून ऐकू येतो, यावर पाणबुडीचे सगळे अवलंबून असते, आणि तो आकडा कोणतेही नौदल छापत नाही, तो नसताना लावलेला क्रमांक हा फक्त उरलेल्या रकान्यांचा असेल. त्यांनी थोडा वाद घातला आणि मग "ठीक आहे, पण शेवटचा रकाना रिकामा दिसायला नको" असे म्हणून ते पहिल्या पानाकडे वळले. त्या जागी मी प्रत्येक पाणबुडी कोणत्या कामासाठी बांधली, ते एकेका ओळीत दिले.

रात्री साडेनऊला जाहिरात विभागाने उजवीकडची दोन कॉलम जागा मागितली आणि एक रकाना काढणे भाग पडले. मी वेगाचा काढला. त्यात 'व्हर्जिनिया' आणि 'सुफ्रें' या दोघींपुढे '२५ नॉटपेक्षा (ताशी सागरी मैलांपेक्षा) जास्त' असे सरकारी उत्तर होते, आणि तसेही नुसता वेग कामाचा नसतो: सोव्हिएत काळातली टायटॅनियमची 'आल्फा' पाणबुडी ४० नॉटच्या पुढे पळायची, तेव्हा त्या वेगात तिचा गोंगाट दूरवर ऐकू जायचा. इंधनाचा रकाना ठेवला आणि साडेदहाला पान सोडले.